शेवटच्या वाफ्याचं पाणी

आमच्या रोपवाटिकेतल्या यंत्राला सगळे 'आपोआप' म्हणायचे. आपोआप पाणी देतं, आपोआप खत देतं, म्हणून आपोआप. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! त्या आपोआपने आमच्या घरातल्या माणसांकडून जेवढी कामं करून घेतली, तेवढी कुठल्या सासूने सुनेकडूनही करून घेतली नसतील. माझ्या सासूने तर मुळीच नाहीत.

रोपवाटिका भगवंतराव वकिलांची, अकोल्याहून बाळापूरला जाणाऱ्या रस्त्यावर. संत्र्याची कलमं हाच तिथला माल. वकीलसाहेब राहायचे जठारपेठेत, कोर्टातून उसंत मिळाली की मोटार घेऊन यायचे. कुलूपकिल्ली आणि लिखापढी कारकून उद्धवरावांकडे, आणि झाडं माझ्या नवऱ्याकडे. नवऱ्याचं नाव बाईने घेऊ नये म्हणतात. आम्ही बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा पुष्कळ गोष्टी सोडल्या, त्यात मी हीही सोडली. नाव देवमन. अमरावतीच्या शेतकी शाळेत शिकलेले, हुशार, आणि दोन घटका एका जागी बसू न शकणारे.

यंत्र त्यांनी स्वतः जुळवलं होतं. सकाळी ऑइल इंजिनाने विहिरीचं पाणी उंचावरच्या टाकीत चढायचं. टाकीतून ते बारीक धारेने एका लोखंडी पिंपात पडायचं. सरकीची ढेप भिजवून गाळलेलं पाणी त्याच पिंपात थेंब थेंब मिसळायचं, ते कलमांचं जेवण. पिंप काठोकाठ भरलं की त्यातली वाकडी नळी सगळं पाणी एका दमात ओढून घ्यायची आणि भस्सकन आवाज होऊन ते वाफ्यावाफ्यांतून फिरवलेल्या नळ्यांत जायचं. नळ्यांना सुईने पाडल्यासारखी बारीक भोकं, त्यांतून प्रत्येक कलमाच्या बुडाशी पाणी. मग पिंप पुन्हा भरायला लागायचं. कुणी हात लावायला नको.

हात लावायला नको, असं देवमन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि दिवसभर त्यांचा स्वतःचा हात त्यातच. पिंपाच्या तोंडावर गाळणीचं फडकं बांधलेलं असायचं, ते धुवायचं. वाकड्या नळीत विहिरीच्या पाण्याचा क्षार धरायचा, तो नारळाच्या शेंडीने घासायचा. दर रविवारी नळ्यांची टोपणं काढून आत साचलेला गाळ झटकायचा आणि एकेक भोक मोकळं करायचं. भोकं मोकळी करायला माझे आकडे. वेणीत खोवायला माझ्याकडे आकडा म्हणून उरला नव्हता. मी एकदा म्हटलं, "हे आपोआप काहून म्हणता? त्याले 'इंदूचे आकडे' म्हणा." तर हसले नाहीत, पुढच्या वाफ्याकडे गेले.

हसणार कसे, जीव टांगणीला लागला होता. देवमनची नेमणूक कच्ची होती. वकीलसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, की हा वैशाख यंत्रावर निभला, कलमं जगली, तर वरूडच्या नत्थुजींच्या मोठ्या बागेत असंच यंत्र बसवायचं आणि तिथे देवमनला पक्की जागा. नाही निभला, तर पिंप भंगारात, आणि देवमन पुन्हा मिळेल तिथे रोजाने. नत्थुजींना एकच शंका होती, ती त्यांनी वकिलांकडून विचारून पाठवली होती. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं का? की पहिले वाफे पिऊन घेतात आणि शेवटच्यांच्या वाट्याला नुसती ओल? बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः बघायला येणार होते.

तेव्हापासून देवमनच्या पायाला भिंगरी. जेवता जेवता उठायचे, शेवटच्या वाफ्यात जाऊन माती चिमटीत धरायचे, परत येऊन गार झालेली भाकर खायचे. माझ्याशी बोलताना कान पिंपाकडे. भस्सकन आवाज व्हायला जरा उशीर झाला की चेहरा उतरायचा. एका घरात असं माणूस असलं की बाकीच्यांनाही स्वस्थ बसवत नाही. मी उगीच भांडी पुन्हा घासायची.

आणि माझी सासू. चतुराबाई तिचं नाव, पण सगळे माय म्हणायचे. यंत्र यायच्या आधी कलमांना पाणी घालायचं काम तिचं होतं. कमरेवर घागर, हातात झारी, वाफ्यामागून वाफा. यंत्र आलं तेव्हा लेकाने म्हटलं, "माय, आता तू बस." बस म्हटलं की बसणारी ती नव्हती, लेक तिच्यावरच गेला होता. ती कलमांवरच्या मांडवाखाली फिरत राहायची. डोक्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची सावली, रिकामे हात पाठीमागे. एखाद्या कलमापाशी थांबून त्याच्याशी काहीतरी बोलायची. मला तिचे ते रिकामे हात बघवत नसत.

अक्षय तृतीयेला एक भांडण झालं, ते सांगितलं पाहिजे. उद्धवराव माणूस वाईट नव्हता, देवभोळा होता. इंजिनाला हार, विहिरीला हळदकुंकू, तसंच पिंपाला करायला आले, हातात ताट, नारळ, अक्षता.

देवमन आडवे उभे राहिले. "उद्धवराव, इंजिनाले काय करायचं ते करा. याले नाई."

"काहून नाई? मालकाचं पिंप हाय. चार अक्षता टाकल्यानं काय झिजते ते?"

"झिजत नाई, बुजते. भोकं पाहिली काय तुमी? अन् माह्या हातचं यंत्र हाय, मले पूजा नोको."

"बरं बाप्पा," उद्धवराव ताट घेऊन मागे फिरले, "तुमचं तुमी जाना. काही झालं तं मंग मले सांगू नोका."

एवढंच. पण एवढंच मनात राहतं.

पौर्णिमा आली. अकोल्यात मिरवणूक, वंदना, भाषणं, सगळी वस्ती जाणार. देवमन म्हणाले, "तुमी जा. मी राहतो." मी त्या दिवशी हट्टालाच पेटले. म्हटलं, "यंत्र आपोआप हाय का नाई ते सांगा. असंन तं चला. नसंन तं उद्या नत्थुजीले तसंच सांगा." ते बोलणं त्यांना झोंबलं. कबूल झाले. सकाळी इंजिन चालवून टाकी भरली, फडकं धुऊन बांधलं, एक वेळ पिंप रिकामं होताना डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे आंघोळीला गेले.

मायने पहाटेच खीर केली होती. दरवर्षी करायची. दूध, तांदूळ, गूळ, खोबऱ्याचे काप, आणि माझ्या भावाने सेमाडोहहून धाडलेली चारोळी. भाऊ जंगलखात्यात होता, पौर्णिमेच्या आधी त्याची चारोळीची पुरचुंडी यायची. तिच्यावाचून मायची खीर व्हायची नाही. आम्ही खाल्ली. मग मायने एक मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरला, वर ताटली ठेवली आणि पदराखाली धरून उद्धवरावांच्या घराकडे गेली. त्यांचं घर रोपवाटिकेच्या फाटकापाशीच. लवकरच परत येताना दिसली, गंज तसाच पदराखाली. मी डोक्याला फडकं बांधत होते, खाचर जुंपून उभं होतं. ती म्हणाली, "तुमी बसा, मी आलीच," आणि मांडवाकडे वळली. आली तेव्हा गंज रिकामा होता. मी विचारलं नाही. खाचरात बसायची घाई होती.

अकोल्यात देवमनचं लक्ष कशातच नव्हतं. मिरवणुकीत सारखं ऊन बघत होते. आणि ऊनही तसंच, वैशाखातलं अकोल्याचं, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. भाषण ऐकताना मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ओठ हलत होते. वंदना म्हणतात की वाफे मोजतात, देव जाणे. देव नाही म्हणायचं, पण तोंडात येतं. शेवटी मलाच राहवेना. मीच म्हटलं, "चला घरी." एखाद्याची तळमळ बघून आपल्यालाही ती लागते, तिला औषध नाही.

फाटकातून आत आलो तेव्हा सूर्य कलला होता. देवमन खाचर थांबायच्या आधीच उडी मारून पळाले. मी मागून पोचले तर ते पिंपापाशी उभे होते आणि पिंप काठावरून सांडत होतं. भस्सकन आवाज नाही. पाणी नळ्यांत शिरतच नव्हतं. पिंपाच्या खाली चिखल आणि वाफ्यांत भेगा. कलमांची कोवळी पानं खाली लोंबत होती, काहींची टोकं करपली होती. मीच तर त्यांना नेलं होतं!

देवमनने फडकं सोडलं आणि पिंपात हात घातला. मूठ वर आली ती ओल्या, फुगलेल्या तांदळाची. ढेपेच्या पाण्याने मळकट झालेले दाणे.

"अक्षता," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "टाकल्याच त्यानं. आमी गेलो अन् टाकल्या."

ते तसेच उद्धवरावांच्या घराकडे निघाले असते. पण मायने घागर उचलली होती. "देवमन," ती म्हणाली, "भांडन उद्या. आंदी पानी." आणि ती झारी घेऊन पहिल्या वाफ्यात उतरली. आम्ही टाकीतून घागरी भरून आणत होतो, ती घालत होती. कोणत्या कलमाला किती, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. पण नेहमी कलमांशी बोलणारी माय त्या संध्याकाळी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

सकाळी बघितलं तर बहुतेक कलमांनी मान वर केली होती. मधल्या एका वाफ्यातली गेलीच होती, पण बाकीची जगणार होती. देवमनने नळ्या उघडायला घेतल्या आणि तेवढ्यात मोटार आली. वकीलसाहेब उतरले, त्यांच्यामागून नत्थुजी, धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. बघायला आलेलं यंत्र खोलून पसरलेलं, आणि मेलेला वाफा समोरच.

"हे काय, देवमन?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मग देवमनचा बांध फुटला. उद्धवराव चष्मा पुसत येतच होते, त्यांच्यासमोर तळहातावरचे दाणे धरले. "यायले विचारा! अक्षय तृतीयेले मी पूजा करू देल्ली नाई, म्हून काल माही पाठ फिरल्यावर अक्षता टाकल्या. माह्या पोटावर पाय देल्ला यायनं!"

उद्धवरावांचा चेहरा पडला, मग तापला. "मी? म्या नाई टाकल्या. लेकराची आन घेतो, साहेब."

"काल इथं दुसरं कोण होतं?"

"मी होतो. पन म्या नाई टाकल्या!"

वकीलसाहेबांना कोर्टाची सवय. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि उद्धवरावांना म्हणाले, "उद्धवराव, पिंपापाशी तुम्ही पूजेला गेला होता, हे खरं ना? काल मागे तुम्हीच होता, हेही खरं. मग मी काय समजू? किल्ल्या ठेवा इथे. पुढचं मी नंतर बघतो."

उद्धवरावांनी कमरेचा जुडगा सोडायला घेतला. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी बरं वाटलं. रात्रभर माझ्या जिवाला जी बोचणी होती, ती कुणाच्या तरी माथी गेली होती.

मी शेवटच्या वाफ्यातली नळी हातात घेऊन बसले होते. काहीतरी करत राहायचं म्हणून तिचं टोकाचं टोपण काढलं आणि आकडा आत फिरवला. गाळ आला, भाताची दोन शितं आली, खोबऱ्याचा एक काप आला, आणि एक चारोळी.

अक्षतांत चारोळी कोण घालतं?

अकोल्यापासून बाळापूरपर्यंत त्या दिवशी चारोळी घातलेली खीर एकाच घरात शिजली होती. मी मूठ मिटली. बोलले तर नवरा सगळ्यांसमोर खोटा पडतो, वरूड जातं. नाही बोलले तर तो माणूस किल्ल्या ठेवून चालला. मी मान वर केली तर माय माझ्या मुठीकडेच बघत होती. तिने हात पुढे केला. मी चारोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"उद्धवबाबू, किल्ल्या राहू द्या," ती म्हणाली. "ते म्या टाकलं. अक्षता नाई, खीर हाय ते."

"माय?" देवमनच्या तोंडून एवढंच निघालं.

"काल रातीच सांगाले पायजे होतं. तुह्या भेवानं नाई बोलली." ती वकीलसाहेबांकडे वळली. "साहेब, आंदी मी पानी घालत होती तवा पौर्निमेले खिरीचं भांडं इसळून कलमांले टाको. चार झाडांले भेटे, बाकीचे तसेच राहत. आता माह्या लेकानं अशी कळ केली का समद्यायले सारखं भेटते. म्हटलं, खीर बी समद्यायले भेटो. फडक्यावर टाकली असती तं वरच राहिली असती, म्हून फडकं सोडून टाकली अन् पुन्हा बांधलं."

वकीलसाहेबांना हसू आवरेना. "अहो, पण गंजभर खीर? घरात खायला माणसं नव्हती?"

मायला ते सांगायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"व्हती ना. ते उद्धवबाबूच्याच वाटची व्हती. दरसाल नेतो. दरसाल ठेव म्हन्तात ओट्यावर, अन् मंग गाईपुढं जाते. मले ठाऊक हाय, पन नेतो. औंदा यायची बायको, गंगूबाई, म्हने, आज उपास हाय. घरातून कांद्याच्या फोडनीचा वास येऊन राह्यला होता." तिने चारोळी बोटाने उलटीपालटी केली. "झाडं नाई म्हनत नाईत, साहेब."

उद्धवराव जुडगा हातात धरून उभे होते, खाली बघत. वकीलसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला. मला त्या वेळी सगळ्यांचाच राग आला होता. उद्धवरावांचा, गंगूबाईचा, वर्षानुवर्षं तो गंज घेऊन जाणाऱ्या मायचा, आणि हे सगळं दरवर्षी डोळ्यांसमोर असून कधी न विचारणाऱ्या माझाही.

मग नत्थुजी काठी टेकत माझ्यापाशी आले. "बाई, हे चारोळी कोनत्या नळीत सापडली?"

"ह्या," मी म्हटलं. "शेवटच्या वाफ्याच्या. पार टोकाशी होती."

नत्थुजी ती नळी पायाने मापत पिंपापर्यंत गेले, आणि परत आले. "वकीलसाहेब, चारोळी अठीलोक आली, तं पानी येनारच ना? मले दुसरं काय पायजे?" देवमनच्या खांद्यावर त्यांनी काठीची मूठ टेकवली. "मिरगाच्या आंदी वरूडले या. पक्कं समजा. पन पिंपाले झाकन बसवजा अन् कुलूप लावजा. आमच्या घरात बी सनवार लय असतात."

ती हसण्याची गोष्ट होती आणि वकीलसाहेब हसलेही. देवमन हसले नाहीत. ज्या एका गोष्टीसाठी सगळा उन्हाळा ते बसले नव्हते ती मिळाली होती, आणि ते उद्धवरावांसमोर जाऊन उभे राहिले.

"उद्धवराव, माहं चुकलं. चार लोकांसमोर तुमाले बोललो."

उद्धवरावांनी नुसती मान हलवली. जुडगा कमरेला खोचला.

मोटार गेली तरी ते गेले नाहीत. देवमन पिंप घासत होते, माय आणि मी नळ्यांची भोकं मोकळी करत होतो. उद्धवराव थोडा वेळ उभे राहिले, मग चष्मा सावरत आमच्यापासून जरा अंतरावर खाली बसले, माझ्या पुढ्यातला एक आकडा उचलला आणि एक नळी मांडीवर घेतली. ऊन चढत होतं.

"काकू," उद्धवराव नळीकडेच बघत म्हणाले. मायला ते आजवर 'चतुराबाई' म्हणत होते. "फुडच्या पौर्निमेले आनजा खीर. ओट्यावर नोका ठेवू. घरात या."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, आणि ते गोड नव्हतं. मी तोंड उघडलं, पण मायने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"फुडच्या पौर्निमेले आमी वरूडले राहू, बाबू," ती म्हणाली, आणि आकडा पुढच्या भोकात घातला.